शेळके घर दाखवतात

रोज सकाळी दहा वाजता भानुदास शेळके स्वतःच्या घराबाहेर पडत, दाराला कुलूप लावत, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत चालत जात आणि परत येऊन स्वतःच्याच दारावरची घंटा वाजवत. घंटा वाजवून थोडा वेळ थांबत. मग खिशातून किल्ली काढून दार उघडत, आत जात आणि आतून म्हणत, "या, या. घर बघाय आलाव का?" लगेच पुन्हा बाहेर येत, पायपुसण्यावर उभे राहत आणि उत्तर देत, "व्हय. पाटी वाचली."

हा प्रकार मी माझ्या व्हरांड्यातून चार महिने पाहिला. मी न्यायालयात नाझर होतो. घरे जप्त होताना आणि लिलावात निघताना पाहणे हा माझ्या नोकरीचा भाग होता. घर विकण्याचे सर्व मार्ग मला ठाऊक आहेत, असा माझा समज होता.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना विचारले, "शेळके, हे काय चालले आहे?"

"गिऱ्हाईकाच्या नजरंनं बघाय लागतं, नाझरसाहेब. मालकाच्या नजरंला घराची खोट दिसत न्हाई."

गिऱ्हाईक रोज वेगळे असे. सोमवारी ते शाळामास्तर होत आणि घरात खिडक्या किती, हे मोठ्याने मोजत. मंगळवारी साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी होत. त्या दिवशी भिंतींवर टिचक्या मारून, उसाचे पेर पाहावे तसे भिंतीचे पोट पाहत. बुधवारी डोक्यावर टोपी चढवून निवृत्त सुभेदार होत. गुरुवारी त्यांचा उपवास असल्यामुळे गिऱ्हाईक येत नसे.

सुभेदार फार घासाघीस करी. एका बुधवारी तो घराला इतकी नावे ठेवू लागला, की शेळक्यांचा संयम सुटला. "तुला न्हाई विकायचं, चल नीघ," असे म्हणून त्यांनी दार आपटले. दार आपटले तेव्हा ते सुभेदाराच्या जागी, म्हणजे बाहेर उभे होते. किल्ली आत होती. सुतार येईपर्यंत ते माझ्याकडे बसले.

"लई नाठाळ माणूस," टोपी काढत ते म्हणाले. "डोकं उठवलं माझं."

शेळके भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. श्रीगोंदा आणि कर्जत या तालुक्यांतील बांध त्यांनी पायी तुडवलेले. मूळ गाव काष्टी. नगरला घर बांधून पंचवीस वर्षे झाली, तरी बोली काष्टीचीच राहिली. जमिनीची मोजणी पुरी होऊन कडेचे दगड रोवले गेले, की त्यांच्या खात्यात 'हद्द कायम' असे म्हणतात. शेळके ते सर्वत्र म्हणत. भाजीवाल्याने जुडीचा भाव मान्य केला, हद्द कायम. मुलीचे लग्न ठरले, हद्द कायम. पत्नीच्या दहाव्याला कावळ्याने घास घेतला, तेव्हाही ते तेवढेच म्हणाले.

त्यांच्या खात्याचा दुसरा शब्द 'लगतधारक'. लगतच्या जमिनीचा जो मालक, तो लगतधारक. मोजणीपूर्वी त्याला नोटीस जाते. मोजणी झाली की नकाशावर त्याची सही घेतात. त्याला हरकत असेल तर ती तो नोंदवतो. शेळके माझी ओळख सर्वांना 'हे आमचे लगतधारक' अशीच करून देत. पंचवीस वर्षांत 'शेजारी' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

आमच्या दोन घरांमध्ये विटांची पाच फुटी भिंत आहे. तिच्या मध्यावर वरचे थर, माणसाला ओलांडता येईल इतके, पडलेले आहेत. ते शेळक्यांनी गेल्या वर्षी पहारीने पाडले. माझ्या स्नानगृहात एक किरकोळ प्रसंग घडला होता, माझ्या फाटकाला आतून कडी होती आणि त्यांना लवकर यायचे होते. त्या प्रसंगाचा येथे संबंध नाही.

घर विकण्याचे कारण त्यांचे डोळे. काचबिंदू झाला होता. समोरचे नीट दिसे, बाजूचे दिसत नसे. उजवीकडचे माणूस पाहायचे तर संपूर्ण मान वळवावी लागे.

"नजरंची हद्द आत सराय लागली," ते म्हणत. "दुसऱ्यांच्या हद्दी कायम करता करता माझी सरकली."

मुलगी सुनंदा पुण्यात शिक्षिका आहे. दिवाळीला ती आली आणि माझ्यासमोर तिने वडिलांना बजावले, "अण्णा, गुढीपाडव्यापर्यंत घर विका. नाही विकलं, तर मी येणार, कुलूप लावणार आणि तुम्हाला घेऊन जाणार. काका, तुम्ही साक्षीदार."

"येतो मी," शेळके म्हणाले. "पर कुलूप न्हाई. घरात माणूस राह्यला पायजे."

"कुलपानं काय होतंय, अण्णा?"

"कुलूप न्हाई म्हणलं ना."

मी त्याचा अर्थ घरावरचा जीव असा लावला. अशा गोष्टींचे मला विशेष कौतुक नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली आणि तयारी सुरू झाली.

तयारीचा प्रारंभ भेगेपासून झाला. दिवाणखान्याच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत एक भेग आहे. शेळक्यांनी तिच्यावर एकाखाली एक सात दिनदर्शिका टांगल्या. घरात शिरणाऱ्याला प्रथमदर्शनी असे वाटे, की या माणसाला तारखेविषयी मोठी शंका आहे. पहिले खरे गिऱ्हाईक, एक दूध संघातले गृहस्थ, खुर्चीवर बसले होते. लष्कराच्या सराव क्षेत्रात दूर कोठेतरी तोफ उडाली आणि तिसरी दिनदर्शिका खिळ्यासह खाली आली. मागे भेग होती. भेगेच्या दोन्ही कडांना शिसपेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या आणि शेजारी बारीक अक्षरात दर सहा महिन्यांच्या नोंदी होत्या: 'पाहणी केली. वाढ नाही. भा. शेळके.'

"ही भेग तुम्हीच लपवली?" गृहस्थांनी विचारले.

"लपवली," शेळके म्हणाले. "पर मोजून लपवली."

त्यानंतर वासाची पाळी आली. सुनंदाने मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली होती. तीत कोणी गोरी बाई सांगत होती, की घरात ताज्या पावाचा वास दरवळत असला म्हणजे गिऱ्हाईकाचे मन घरात रमते. शेळक्यांकडे भट्टी नव्हती. त्यांनी त्या बाईचा सल्ला आपल्या भागाला जुळवून घेतला. कर्जतकडची शिपी आमटी त्यांना उत्तम येत असे. सुके खोबरे, कांदा, लसूण आणि मिरची भाजून वाटलेली, डाळीची, लाल आणि जहाल. गिऱ्हाईक फाटकाशी आले, की मसाला तव्यावर पडे. सोसायटीतील चौदा घरे एकाच वेळी खोकू लागत. पहिल्या रविवारी आलेले जोडपे मात्र खरोखर रमले. दोन वाट्या आमटी प्याले, भाकरी मागून घेतली, घाम पुसला. निघताना बाईंनी कृती लिहून घेतली. घर किती खोल्यांचे आहे, हे त्यांनी विचारले नाही.

"घर राहिलं बघायचं," मी म्हणालो.

"पोट भरलं की माणूस उदार व्हतं, असं वाटलं हुतं," शेळके म्हणाले. "झोपाळू व्हतं."

यानंतर दिशेचा प्रश्न उद्भवला. शेळक्यांचे घर दक्षिणमुखी आहे. हल्ली गिऱ्हाईक चपला काढण्यापूर्वी मोबाईल काढते आणि त्यातील होकायंत्र पाहते. दक्षिण दिसली, की चपला काढतच नाही. तीन गिऱ्हाइके पायपुसण्यावरून परत गेली. तेव्हा शेळक्यांनी जुन्या रेडिओचे दोन स्पीकर फोडले, त्यांतील चुंबके काढली आणि एक उंबऱ्याखाली, दुसरे स्वयंपाकघराच्या कट्ट्याखाली पुरले.

पुढचे गिऱ्हाईक आईला घेऊन आले. उंबऱ्यावर त्यांच्या मोबाईलने दार पूर्वेला असल्याचे दाखवले. दोघे प्रसन्न झाले. दिवाणखान्यात चार पावले गेल्यावर तेच दार दक्षिणेला गेले. स्वयंपाकघरात पोहोचताच ते उत्तरेला आले. म्हातारीने मुलाचा दंड धरला.

"घर फिरतंय का रं?" ती म्हणाली.

शेळके घामाघूम झाले होते. ते खाली बसले आणि त्यांनी दोन्ही चुंबके उकरून म्हातारीच्या हातात दिली.

"माझी चूक झाली, आजी. दार दक्षिणंलाच हाय. पस्तीस वर्सं लोकांना उत्तर दावली मी. आज पहिल्यांदा हलवली."

म्हातारी चुंबके घेऊन गेली. नातवाला खेळायला होतील, असे म्हणाली.

येथपर्यंतचे मी पाहत होतो. यापुढचे मला सोसावे लागले. माघ महिन्यात एका सकाळी शेळके भिंतीच्या पडलेल्या जागेतून डोकावले.

"नाझरसाहेब, उद्या गिऱ्हाईक येतंय. तुमी इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसा."

"कशासाठी?"

"घराबरोबर लगतधारक मिळतो. त्यो गिऱ्हाईकाला दावाय नको? तुमी बी दर्शनी भाग हाय. रंग दिऊन घेतला तसं तुमचंबी बघाय पायजे."

"माझे काय पाहायचे?"

"कपाळ. आठ्या लई हायेत. थोडं हसा."

मी हसत नाही. न्यायालयात तशी आवश्यकता नव्हती, घरी तसे कारण नव्हते. तरीही पाडवा जवळ येत होता आणि ते पंचवीस वर्षांचे लगतधारक होते. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून व्हरांड्यात बसलो. गिऱ्हाईक फाटकाशी येताच चेहऱ्याला जे करता आले ते केले. गिऱ्हाईक थांबले, माझ्याकडे काळजीने पाहिले आणि शेळक्यांना हळूच म्हणाले, "त्यांना कुठं दुखतंय का?"

यावर कळस पाण्याने चढवला. आमच्याकडे नळाला पाणी दर तिसऱ्या दिवशी येते, सकाळी, दीड तास. त्यामुळे आमच्याकडे घर पाण्याच्या दिवशी दाखवतात. गिऱ्हाईक आले, की मालक सर्व नळ सोडतो आणि काही न बोलता बाजूला उभा राहतो. शेळक्यांनीही एका सराफाला पाण्याच्या दिवशी बोलावले. त्या दिवशी पाणी आले नाही. त्यांची टाकी घर धुण्यात रिकामी झाली होती. सराफ कोपऱ्यावर दिसताच शेळक्यांनी भिंतीच्या त्या पडलेल्या जागेतून माझ्या टाकीत पाईप सोडला आणि छोटी मोटार सुरू केली. त्यांच्या घरातील सर्व नळ धो धो वाहू लागले.

मी त्या वेळी स्नान करीत होतो. साबण लावून झाला होता.

पुढील वर्णन मी थोडक्यात करतो. मी पंचा गुंडाळून, डोक्यावर फेसासह भिंतीपाशी गेलो आणि ज्या आवाजात पूर्वी जप्तीचा हुकूम वाचीत असे, त्या आवाजात म्हणालो, "शेळके, पाणी!"

सराफ दचकला. शेळक्यांनी संपूर्ण मान वळवून मला पाहिले आणि शांतपणे ओळख करून दिली, "हे आमचे लगतधारक. शिस्तीचे हायेत."

सराफ मात्र गेला नाही. त्याला घर पसंत पडले. व्यवहारही तो तेथेच मिटवायला तयार होता. तेव्हा शेळक्यांनी आपला कागद काढला. घर दाखवून झाले, की ते गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून या कागदावरचे प्रश्न विचारीत. आधीची बरीच गिऱ्हाइके या प्रश्नांवरूनच उठून गेली होती.

"सकाळी किती वाजता उठता?"

"आठ-साडेआठ."

"लगतधारकाशी भांडान झालं, तर अबोला किती दिवस धरता?"

"हे काय विचारणं झालं, शेळके?"

"बरं. एखाद्याचं दार तुमी वाजवलं. आतनं त्यो वरडला, 'जा इथनं, काय नको.' तर तुमी काय करणार?"

"जाणार. अपमान कोण करून घेणार?" सराफ हसला. "आणि मी कशाला कोणाची दारं वाजवू? मला राहायचं नाही हो इथं. माझा बंगला आहे. हे घेऊन कुलूप लावून ठेवीन. भाव वाढला की बघू."

शेळक्यांनी कागदाची घडी घातली. "मग न्हाई जमायचं," ते म्हणाले.

ही वार्ता सुनंदाला कळली. तिने मला दूरध्वनी केला. तिचा आवाज रडवेला होता. "काका, तुम्ही तरी सांगा हो. परवा ते रस्त्यात मोटारसायकलपुढं गेले. बाजूनं आलेली दिसलीच नाही त्यांना. मी रोज वर्गात मोबाईल हातात धरून शिकवते."

मी सांगायला गेलो. मी त्यांना मूर्ख म्हणालो. पंचवीस वर्षांत प्रथमच म्हणालो.

"त्यो राह्यला येणार नव्हता," शेळके म्हणाले.

"न येईना. त्यात तुमचे काय गेले?"

त्यांनी मान पूर्ण वळवली आणि माझ्याकडे पाहिले.

"माझं काय न्हाई गेलं," ते म्हणाले. "चहा ठिवू?"

मी चहा घेतला नाही. जाताना एवढेच म्हणालो, की सर्व घर दुरुस्त केलेत, तर माझ्या बाजूच्या भिंतीचे पडलेले थर तेवढे का ठेवले? गवंडी आलाच आहे, भरून घ्या. गिऱ्हाइकाला ते बरे दिसत नाही.

"ते असूं द्या," शेळके म्हणाले. "ते खोटीत येत न्हाई."

पाडव्याला आठ दिवस उरले असता वैशाली साळवे आल्या. मूळच्या कर्जतच्या, वय पस्तीसच्या आसपास. एका रुग्णालयात परिचारिका. पती औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात, मुलगी लहान. रात्रपाळी संपवून थेट आल्या होत्या. माझा इस्त्रीचा सदरा मला पुन्हा घालावा लागला, आणि या वेळी शेळक्यांनी मला दर्शनी भाग म्हणून त्यांच्याच दिवाणखान्यात बसवले.

आमटीचा मसाला तव्यावर पडला. बाई खोकल्या नाहीत. "खोबरं जरा जास्त भाजलंय," म्हणाल्या आणि गॅस बारीक करून आल्या.

शेळक्यांनी दार दक्षिणेला असल्याचे आधीच सांगून टाकले.

"असू दे की, अण्णा. रात्रपाळी करून आल्यावर मला दार सापडलं तरी पुष्कळ आहे. दिशा कोण बघतंय?"

दिनदर्शिका आता एकच उरली होती. ती बाजूला सारून बाईंनी भेग पाहिली आणि नोंदी वरपासून खालपर्यंत वाचल्या.

"वाढ नाही, वाढ नाही, वाढ नाही. आमच्या वॉर्डात एवढा नीट कागद कोणी भरत नाही हो."

मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. "काका, तुमच्या पायाला सूज आहे."

"नाही," मी म्हणालो.

"चपलेचा पट्टा रुतलाय बघा. मीठ कमी करा."

"मी कोणाला विचारलेले नाही," मी म्हणालो.

शेळके घाईने खुर्चीच्या कडेवर सरकले आणि त्यांनी कागद काढला. बाईंनी मांडीवर पर्स ठेवली आणि तोंडी परीक्षेला बसल्यासारख्या सरळ बसल्या.

"सकाळी किती वाजता उठता?"

"उठत कुठं, मी तेव्हा येते. साडेसातपर्यंत घरी. दिवसपाळी असली की साडेपाचला उठते."

"लगतधारकाशी भांडान झालं तर अबोला किती दिवस?"

"पेशंट रोज माझ्याशी भांडतात. रोज त्यांनाच इंजेक्शन देते. अबोला धरून कसं चालेल?"

शेळक्यांनी घसा साफ केला. "दार वाजवलं. आतनं वरडला, 'जा इथनं, काय नको.' तर?"

"ओरडला म्हणजे श्वास चालू आहे," बाई म्हणाल्या. "मग थांबायचं. दोन मिनिटांनी परत वाजवायचं."

"अन् वरडलाच न्हाई तर?"

"तर दार तोडायचं."

शेळक्यांनी कागदाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

"हद्द कायम," ते म्हणाले. आमटी खाली लागल्याचा वास येऊ लागला होता, पण ते उठले नाहीत.

भाव सराफाच्या भावाहून कमी ठरला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. साळवे कुटुंबाचे सामान आदल्या संध्याकाळीच आले होते; घर एक दिवसही रिकामे राहू नये, अशी शेळक्यांची अट होती. सुनंदा टेम्पोवाल्याशी बोलत होती. शेळके माझ्या व्हरांड्याशी आले. आम्ही दोघेही काही वेळ मोटारीच्या सुट्या भागांविषयी बोललो, का ते मला आता आठवत नाही.

"सकाळचं फिरणं सोडू नका," मी म्हणालो. "मान वळवून रस्ता ओलांडा."

"व्हय. तुमी कडी लावत जाऊ नका आतनं."

दहा वाजले होते. सुनंदाने आपल्या मोटारीचे दार उघडून धरले. शेळके मोटारीकडे न जाता पिठाच्या गिरणीकडे चालू लागले.

"अण्णा, कुठं निघालात?" सुनंदा ओरडली. मी तिला हाताने थांबवले.

गिरणीपर्यंत जाऊन ते परत आले. फाटक उघडून पायपुसण्यावर उभे राहिले आणि घंटा वाजवली. या वेळी दार आतून उघडले. वैशालीबाई पिठाच्या हातांनी उभ्या होत्या.

"घर विकायचं हाय का?" शेळक्यांनी विचारले.

बाईंना काहीच ठाऊक नव्हते. क्षणभर त्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, "नाही. आम्ही राहतो इथं."

"मग बरं झालं," शेळके म्हणाले, आणि मोटारीत जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला. साडेसात वाजून गेले असावेत. दार वाजले.

"कोण आहे?" मी आतून म्हणालो. "काही नको."

दोन मिनिटे शांतता होती. दार पुन्हा वाजले.

मी दार उघडले. वैशालीबाई रुग्णालयाच्या गणवेशातच होत्या. हातात एक गुंडाळी होती. "अण्णा ठेवून गेलेत हे. म्हणाले, नाझरसाहेब पहिल्यांदा उशिरा उठतील त्या दिवशी द्या."

ती गुंडाळी मी टेबलावर पसरली. घराचा नकाशा होता, खात्याच्या रीतीने काढलेला, शाईने, प्रमाणात. उत्तर दाखवणारा बाण अचूक होता. दार दक्षिणेला होते. दिवाणखान्याच्या भिंतीवर भेग होती, तिच्या लांबीसह. आणि सामाईक भिंतीच्या पडलेल्या जागेतून दोन तुटक रेषा निघाल्या होत्या. नकाशात वाट अशी दाखवतात. त्या रेषा शेळक्यांच्या मागच्या दारापासून माझ्या स्नानगृहाच्या खिडकीपर्यंत जात होत्या. काही ठिकाणी रेषा किंचित बाहेर गेली होती. कडेचे त्यांना दिसत नव्हते. त्यावर लिहिले होते: 'वहिवाट. बंद करू नये. सकाळी साडेसातपर्यंत हालचाल न दिसल्यास वापर करावा.'

गेल्या वर्षी मी स्नानगृहात पडलो. चार तास पडून होतो. हाक मारणे मला प्रशस्त वाटले नाही. त्या प्रसंगाचा येथे संबंध नाही, असे मी वर लिहिले आहे. ते विधान मी मागे घेतो.

"इथं सही पाहिजे म्हणाले तुमची," वैशालीबाईंनी बोट ठेवले. तळाशी एक चौकट आखलेली होती: 'लगतधारक. हरकत असल्यास नमूद करावी.'

कायद्याच्या दृष्टीने त्या नोंदीला कसलाही आधार नाही. वहिवाटीचा हक्क दीर्घ वापराने सिद्ध व्हावा लागतो. एकदाच, तोही पहारीने भिंत पाडून केलेला वापर कोणतेही न्यायालय मान्य करणार नाही. शिवाय माझ्या मिळकतीत वाट दाखवण्याचा मोजणीदाराला अधिकार नव्हता. हे सर्व मी वैशालीबाईंना समजावून सांगितले. त्यांनी ते उभ्यानेच ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "काका, पेन देऊ का?"

मी हरकत नोंदवली नाही. सही केली. त्या नकाशा घेऊन भिंतीच्या त्या जागेतूनच परत गेल्या.

सहीखाली तारीख घालायची राहून गेली, हे मला दुपारी आठवले. माझ्या हातून असे पूर्वी कधी झालेले नाही.